मामांचा अधिक महिना

माझ्या बायकोच्या मामांना न्यायला उद्या प्रत्यक्ष यम आला, तरी ते त्याला दारातच थांबवतील आणि म्हणतील, "बाहेर जा आणि परत या. एन्ट्री जमली नाही. आणि त्या रेड्याचं तोंड जरा उजेडाकडे ठेवा." यम बिचारा पुन्हा जिना उतरेल, पुन्हा चढेल, मोबाइल उभा धरावा की आडवा यावर मामा विचार करत बसतील, आणि तेवढ्यात यमाची वेळ टळून जाईल. मामा शंभरी गाठणार असं आमच्या घरात सगळे धरून चालतात ते याच भरवशावर. जबलपुरात मराठी माणसं काही कमी नाहीत. कुणी मराठेशाहीत चाकरीला आलेल्यांचे वंशज, कुणी रेल्वेतले, कुणी कारखान्यांतले. पण साठी उलटल्यावर कंटेंट मार्केटिंग या विषयाला घरदार, जेवणखाण आणि देवधर्म वाहून टाकलेला मराठी माणूस तिथं एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला आला आहे. बायकोचे वडील ती लहान असतानाच गेले, ती मामांकडे वाढली, तेव्हा नात्यानं मामेसासरे असले तरी मानानं ते माझे सासरेच. मी साताऱ्याकडचा. नोकरीनं इथं आलो, लग्न केलं, आणि मामांचा बिनपगारी कॅमेरामन झालो.

आता गंमत अशी, की या माणसाची सगळी नोकरी संरक्षण खात्याच्या कारखान्यात गेली. आत काय बनतं ते बाहेर बोलायचं नाही, असा तिथला नियम. तो नियम बाकीच्यांनी पाळला, मामांनी अंगात मुरवला. "काय बनवता हो तुम्ही?" असं लग्नाच्या बैठकीतच कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "माल." पुढं मामींनाही याहून जास्त कधी कळलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर मामी विचारायच्या, "डब्यातली भाजी कशी होती?" मामा गंभीरपणे सांगायचे, "ते गेटच्या आतलं आहे." डबा गेटच्या आत खाल्ला, म्हणजे त्याची चवही सरकारी गुपितच. मामी सांगतात, की त्या कित्येक वर्षं मीठ अंदाजानंच घालत होत्या.

असा हा माणूस निवृत्त झाला आणि एके दिवशी मोबाइलवर कसलंसं फुकटचं वेबिनार ऐकून उठला तो वेगळाच होऊन उठला. "जावईबापू," ते मला म्हणाले, "आपण आजपर्यंत चुप बसून राहिलो, हीच गलती झाली. जमाना सांगण्याचा आहे. जो सांगते, तो टिकते." त्या दिवसापासून दर सकाळी सातला, पूर्वी कारखान्याचा भोंगा व्हायचा त्या ठोक्याला, मामा आंघोळ करून, भांग पाडून मोबाइलपुढे बसू लागले. परदेशातल्या कोणकोणत्या मार्केटिंगवाल्यांची पत्रं त्यांच्या ईमेलवर येत. आज कोणता ट्रेंड, कोणतं गाणं चालतंय, मथळा कसा द्यावा, रील केवढं असावं, हे सगळं चहा थंड होईपर्यंत वाचून व्हायचं. अडचण एकच होती. मार्केटिंग होतं, पण विकायला काही नव्हतं. कारखान्यात माल होता तर बोलायला बंदी, आता बोलायला जग मोकळं तर माल नाही. शेवटी त्यांची नजर मामींच्या मेतकुटावर पडली. मामींचं मेतकूट खरोखर उत्तम असतं, पण विकायचं म्हटल्यावर मामी भडकल्या. "काहून विकायचं? मी काय दुकान घालून बसली का? ज्याला लागलं त्यानं डबी घेऊन यावं." झालं! मामांनी मेतकुटाचा ब्रँड काढला, त्याला नाव दिलं, पेज काढलं, रोज एक पोस्ट, आठवड्याला एक रील, आणि माल फुकट. असला धंदा चालणार नाही तर काय होईल? मामा राहतात त्या राइट टाउनातली निम्मी मंडळी डब्या घेऊन जिन्यात उभी असायची आणि मामा वर मोबाइलमध्ये लाइक मोजून आनंदानं ओरडायचे, "एंगेजमेंट वाढून राहिली!"

पण हा सगळा खटाटोप कुणासाठी, हे घरात आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मामांचे थोरले भाऊ अधारतालला राहतात. त्यांना सगळेच दादा म्हणतात. दादा रेल्वेच्या हिशेब खात्यातले. करडा माणूस, पंचांगाचा पक्का, आणि एकदा तोंड बंद केलं की केलं. आई गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली. भांडी, पाट, समया सगळं निमूट वाटलं गेलं, अडलं ते महालक्ष्म्यांच्या, म्हणजे आमच्याकडच्या गौरींच्या, मुखवट्यांपाशी. दोन पितळी मुखवटे, आईच्या सासूपासून चालत आलेले, एक ज्येष्ठा, एक कनिष्ठा. दादा म्हणाले, मी थोरला, महालक्ष्म्या माझ्याकडे. मामा म्हणाले, आईचं शेवटपर्यंत मी केलं, महालक्ष्म्या माझ्याकडे. शब्दानं शब्द वाढला आणि शेवटी दोघांनी जगात कुणी केला नसेल असा न्याय केला. दादांनी ज्येष्ठा उचलली, मामांनी कनिष्ठा. सख्ख्या बहिणी एका शहरात दोन टोकांना गेल्या. महालक्ष्म्या तर जोडीनंच बसवायच्या, म्हणून मग दोघांनीही एकमेकांना न कळवता सराफ्यात जाऊन एकेक नवा मुखवटा घेतला, आणि दोघे गेले नेमके एकाच सोनाराकडे. त्यानं एकाच साच्यातले दोन काढून दिले आणि वर मागून आलेल्याला विचारलं, "भैया, जुळे आहेत काय घरात?" तेव्हापासून भाऊ भावाशी बोलला नाही. लग्नकार्यात समोरासमोर आले तर दादा पंख्याकडे बघत आणि मामा जिलेबीकडे.

मात्र दादांकडेही मोबाइल होता. आणि मामांनी सकाळी सातला स्टेटस टाकलं, की पाहणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव दादांचं असे. रोज. अंगठा नाही, हसरा चेहरा नाही, एक अक्षर नाही, नुसतं पाहिलेलं. मामा जगाला रीच, इम्प्रेशन आणि काय काय सांगत, पण त्यांची खरी मोजणी एवढीच. "दादानं पाहिलं," असं ते मामींना स्वयंपाकघरात जाऊन सांगत, आणि मग त्यांना भूक लागे. "पाहते, पण बोलत नाही," मामी म्हणायच्या. मामा म्हणत, "कन्व्हर्जनला टाइम लागते." त्या भाषेत गिऱ्हाइकानं नुसतं बघणं सोडून आत येणं, याला तो शब्द आहे. मामा वर्षानुवर्षं एकाच गिऱ्हाइकाची वाट पाहत बसले होते.

त्यासाठी शिकलेली प्रत्येक युक्ती ते आमच्यावर आधी वापरून बघत. पहिल्या तीन सेकंदांत ऐकणाऱ्याला पकडलं पाहिजे, नाही तर तो निघून जातो, हा त्यांचा सगळ्यांत आवडता नियम. त्याला ते हुक म्हणत. एकदा कारखान्यातले त्यांचे एक जुने सोबती वारले, म्हणून आम्ही भेटायला गेलो. घरात बायकांचं रडणं चाललेलं, तिन्ही मुलगे मान खाली घालून बसलेले. मामा सतरंजीवर टेकले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तुमच्या वडिलांची ही एक गोष्ट तुम्हाला आजपर्यंत कुणीच सांगितली नसेल." रडणं जागच्या जागी थांबलं. थोरला मुलगा पांढरा पडला. तो मनातल्या मनात मृत्युपत्रापासून दुसऱ्या संसारापर्यंत सगळीकडे जाऊन आला असावा. मी मामांचा सदरा मागून ओढत होतो. मामांनी वेबिनारात शिकवल्याप्रमाणे थोडं थांबून सांगितलं, की हा माणूस रोज कारखान्यात लवकर यायचा आणि सायकल स्टँडवर रात्रपाळीवाल्यांपैकी ज्याच्या ज्याच्या चाकातली हवा गेली असेल त्यात गुपचूप हवा भरून ठेवायचा, आणि हे आमच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. त्या घरची बाई आधी हसली आणि मग खरं मोकळं रडली. जिना उतरताना मामा मला म्हणाले, "पाहिलं? सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं." मग जरा घुटमळून म्हणाले, "सायकल स्टँड गेटच्या बाहेर होतं, म्हणून सांगितलं."

सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींनाही त्यांनी सोडलं नाही. पाच अध्याय फार लांबतात, आधी शेवट दाखवा आणि मग कथा सांगा, म्हणजे लोक टिकतात, असा सल्ला त्यांनी पूजेच्या मध्येच दिला. गुरुजीही जबलपूरचेच. हातातली पळी खाली न ठेवता म्हणाले, "बरं. मग दक्षिणा पण आधी दाखवा." एकच गोष्ट दहा रूपांत वापरायची, व्हिडिओतून लेख, लेखातून चित्र, चित्रातून पोस्ट, ही विद्या शिकून आले त्या दिवशी तर ते मामींना अर्धा तास समजावत होते. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "याले आम्ही फोडणीची पोळी म्हणतो. रात्री उरली की सकाळी करते मी. तुम्ही खाऊन राहिले ना इतकी वर्षं?" मामांनी लगेच मामींना तेच वाक्य पुन्हा बोलायला लावून त्याचं रील केलं. आणि अल्गोरिदम! कुणाची पोस्ट किती लोकांना दाखवायची हे ठरवणारं ते यंत्र मामांच्या लेखी कारखान्याचा जनरल मॅनेजर होतं. मामा त्याला साहेब म्हणत. "साहेब या हप्त्यात नाराज आहेत," असं काळजीनं सांगत, आणि साहेबांना ताजं लागतं म्हणून देवाच्या नैवेद्याआधी त्यांची पोस्ट जाई. देवाचं काय, तो घरचाच.

एकदा 'नर्मदा आपल्याला मार्केटिंगबद्दल काय शिकवते' अशा विषयावर व्हिडिओ करायला ते मला भल्या पहाटे तिलवाऱ्याला घेऊन गेले. नर्मदामाईनं मार्केटिंगबद्दल आजवर कुणाला काही शिकवलं असेल असं मला वाटत नाही, पण मामा नवा झब्बा घालून घाटाच्या पायरीवर उभे राहिले, मागे पूल, त्याच्यावरून नागपूरकडं जाणारे ट्रक, आणि पुढे मी मोबाइल धरून. मामा जीव तोडून बोलले. नदी रोज वाहते, म्हणून आपणही रोज पोस्ट करावी, असा काहीसा त्याचा मथितार्थ होता. घरी येऊन पाहतो तर सगळ्या व्हिडिओभर माझा अंगठा. वर कोपऱ्यात थोडं आकाश आणि आवाज मामांचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मामांनी तो तसाच टाकला. "हल्ली असंच चालते, जावईबापू. बनावटी दिसत नाही." दुसऱ्या दिवशी मला फोन करून सांगितलं, "दादानं तुमचा अंगठा पूर्ण पाहिला. शेवटपर्यंत."

मग मामांच्या आयुष्यात कॅलेंडर आलं. मोठमोठ्या कंपन्या म्हणे वर्षभराच्या पोस्टी आधीच ठरवून, तारीख लावून ठेवतात, आणि त्या दिवशी त्या आपोआप जातात. मामांना हे इतकं आवडलं, की त्यांनी एका बैठकीत वर्षाचे जवळजवळ सगळे सणवार उरकून टाकले. सणांच्या तारखा कुठून आणायच्या? पंचांग बघणं हे दादांचं खातं, आणि दादांना विचारायचं तर प्रश्नच नव्हता. मामांनी स्वतःचा फॉर्म्युला काढला. आपले सण दर वर्षी इंग्रजी तारखेनं साधारण अकरा दिवस अलीकडे येतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या तारखेतून अकरा वजा करायचे की झालं. आणि खरं सांगायचं तर पाडव्यापासून आषाढीपर्यंत फॉर्म्युला तंतोतंत लागला. मामा आम्हाला सांगत, की पंचांगवाल्यांची सगळी मिजास या एका वजाबाकीपुढे फुकट आहे.

त्यातच एका वेबिनारात त्यांना कळलं, की माणसानं आठवड्यातून एक दिवस मोबाइलपासून दूर राहावं, त्यानं कल्पना ताज्या होतात. मामांनी गुरुवार धरला. गुरुवारी सकाळी मोबाइल बंद करून ते तो ज्वारीच्या डब्यात पुरत आणि संध्याकाळी दिवेलागणीला उपास सोडत. पोस्टी तर काय, आपोआप जातच होत्या.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. हे मामांना माहीत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. अधिक महिन्यात जावयाला जेवायला घालून वाण द्यायचं, म्हणून त्यांनी मला साग्रसंगीत बोलावलं, तेहतीस अनारसे दिले, माझे पाय धुतले, आणि अधिक महिना म्हणजे काय, तो का येतो, यावर माझ्या धुतलेल्या पायांसकट एक झकास रील केलं. बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढतो आणि पुढचे सगळे सण पुढं सरकतात, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं कॅमेऱ्याला सांगितलं. फक्त स्वतःच्या कॅलेंडरला सांगायचं राहिलं. नागपंचमी, राखी, गणपती यांनी तरी सावध करायला हवं होतं, पण श्रावणातल्या सणांच्या आणि गणपतीच्या पोस्टी मामा आधी लावत नसत, कारण त्यांना त्या हंगामात चालणारं गाणं लागे. त्यामुळे अधिक महिन्यानंतर आपोआप सुटणारी पहिलीच पोस्ट होती ती महालक्ष्म्यांची.

ती सुटली गुरुवारी. मी ऑफिसात होतो. 'आज आमच्या घरी महालक्ष्म्या! पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील. दुपारी बारापासून महाप्रसाद. सहकुटुंब या, वाट पाहत आहोत.' खाली पत्ता, आणि बोट दाखवणारी बारीक बारीक चित्रं. मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "महालक्ष्म्या पुढच्या महिन्यात आहेत. मामांना फोन लाव." मामांचा फोन ज्वारीत. मामी मोबाइल ठेवतच नाहीत. मी सुट्टी टाकून स्कूटर काढली, पण मी पोचेपर्यंत दाराशी चपला मावत नव्हत्या.

इथली जुनी माणसं पंचांग बघतात, ती फसली नाहीत. फसली ती नवी पिढी. घरी मराठी कळतं पण बोलता येत नाही, सण कधी हे मामांच्या पोस्टीवरून ठरतं, अशी पोरंपोरी जरीच्या साड्या आणि कुडते घालून, नारळ, ओटीचं सामान घेऊन, सोफ्यावर दाटीवाटीनं बसली होती. मामा गंजिफ्रॉकवर होते. माणसं आपल्या मोबाइलच्या उपासाबद्दल कौतुक करायला आली असावीत, असं त्यांनी धरलं होतं आणि ते सगळ्यांना त्याचे फायदे सांगत होते. शेवटी एक सूनबाई न राहवून म्हणाली, "मामाजी, महालक्ष्मीजी किधर विराजी हैं? दर्शन कर लेते."

"अलमारी में हैं," मामा म्हणाले. "काहून?"

मी मोबाइल ज्वारीतून उकरून काढला आणि त्यांच्या हातात दिला. मामांनी पोस्ट वाचली. एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. आत मामींच्या लहान कुकरमध्ये दोन माणसांची मुगाची खिचडी शिट्टी देत होती. मामांना मी त्याआधी कधी गप्प झालेलं पाहिलं नव्हतं. म्हणजे ते पूर्वी गप्प असत असं ऐकून होतो, ते त्या दिवशी पाहिलं. "दादानं पण पाहिलं असेल," एवढंच ते हळूच म्हणाले. घरभर पाहुणे उपाशी बसले होते त्याचं त्यांना काही नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी एकेक पोस्ट सजवली, त्याच्यासमोर, आणि तीही महालक्ष्म्यांवरूनच, अशी फजिती झाली, हे त्यांना लागलं होतं. आता दादा कायमचेच तुटले, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलेलं दिसत होतं. मला त्यांची फार दया आली.

आणि जिन्यावर छत्रीची टकटक वाजली. दारात दादा उभे. अधारतालहून रिक्षानं आलेले, घामानं निथळलेले, एका हातात छत्री, बगलेत पंचांग. त्यांनी पंख्याकडे पाहिलं नाही. सरळ मामांकडे पाहिलं.

"अरे गाढवा!" दादा म्हणाले. "अधिक महिना कुठं गेला तुझा?"

इतक्या वर्षांनी भावाशी बोललेले हे पहिले शब्द. सोफ्यावरची सगळी मंडळी उठून उभी राहिली.

"दादा, फॉर्म्युला लावला होता," मामा म्हणाले. त्यांचा आवाज पार शाळकरी झाला होता. "अकरा दिवस मागं."

"फॉर्म्युला! जावयाला अनारसे देऊन राहिला, त्याचे पाय धुऊन राहिला, ते साऱ्या दुनियेला दाखवून राहिला, अन् महालक्ष्म्या मागच्याच हिशेबानं? आईनं पोळ्या लाटता लाटता शिकवलं होतं हे. तेव्हा तू पुरण चोरून खाऊन राहिला होता. रोज वाचतो मी तुझं ते. सकाळी उठून देवाच्या आधी तुझं थोबाड पाहतो. काही दम नाही त्याच्यात. पण तारीख? तारीख चुकवतो? आपल्या घरचा माणूस?"

मामा ओठ आवळून उभे होते. "आपल्या घरचा" या दोन शब्दांपाशी त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. दादांनी छत्री कोपऱ्यात ठेवली, चपला काढल्या आणि विचारलं, "अजून काय काय लावून ठेवलं आहे त्या मशीनमध्ये? दाखव."

पुढं जे झालं ते बघायला मी पुन्हा जन्म घेईन. मामींनी मोठं पातेलं चढवलं आणि जरीच्या साड्यांतल्या त्या पाहुण्यांना खिचडी वाढली, वर तूप आणि मूठमूठ मेतकूट. खालच्या मजल्यावरचे भैया खव्याची जिलेबी घेऊन आले. आणि आतल्या खोलीत दोघे भाऊ पलंगावर मांडी घालून, एकाच्या हातात पंचांग, दुसऱ्याच्या हातात मोबाइल, डोक्याला डोकं लावून बसले. दसऱ्याचं सोनं गणपती चौरंगावर असतानाच वाटलं जाणार होतं. दिवाळीच्या शुभेच्छा तर ऐन सर्वपित्रीला, पितरं पानावर बसलेली असताना सुटणार होत्या. "हे पाहा," दादा गरजत, "बाप जेवायला येणार त्या दिवशी तू फटाके फोडून राहिला होता!" मामा "हो दादा, हो दादा" म्हणत तारखा बदलत होते. मी दारातून पाहिलं तेव्हा दादांचा एक हात पंचांगावर होता आणि दुसरा, त्यांच्या लक्षातही न येता, मामांच्या गुडघ्यावर पडला होता.

महालक्ष्म्या कुणाकडे, या प्रश्नाचा निकाल मामी आणि अधारतालच्या मोठ्या मामींनी फोनवर लावून टाकला. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे, आणि यंदा जिकडचं बोलावणं आधीच गेलं आहे तिकडेच. महिन्याभरानं, खऱ्या आवाहनाच्या दिवशी, दादा लाल कापडात गुंडाळलेली ज्येष्ठा मांडीवर घेऊन रिक्षातून उतरले. सराफ्यातल्या त्या जुळ्या नव्या मुखवट्यांचं काय करावं, यावर दोघा भावांत पुन्हा वाद पेटणार होता, तेवढ्यात मामी म्हणाल्या, "पाहुण्या म्हणून बसवा. जेवायला आल्या म्हणून समजा." म्हणून त्या वर्षी आमच्याकडे चार महालक्ष्म्या जेवल्या.

दादांनी कापड सोडलं आणि ज्येष्ठा कनिष्ठेशेजारी ठेवली. दोन्ही मुखवट्यांची नाकं एकाच जागी झिजलेली होती. मला वाटलं, मामांच्या आयुष्यातलं हे सगळ्यांत मोठं कंटेंट आहे, यासाठीच इतकी वर्षं सगळं चाललं होतं. मी मोबाइल काढला, या वेळी अंगठा नीट बाजूला घेतला आणि नेम धरला. मामांनी पुढे येऊन कॅमेऱ्यावर तळहात ठेवला.

"राहू द्या, जावईबापू," ते म्हणाले. "हे गेटच्या आतलं आहे."

म्हणून मामांच्या पेजवर आज कढीलिंबाच्या कुंडीचे, मेतकुटाच्या डब्यांचे, माझ्या पायांचे आणि अंगठ्याचे व्हिडिओ आहेत, पण त्या दुपारचा एकही फोटो नाही. कधी कधी मला त्याची चुटपुट लागते. दादांची दृष्टी नंतर झपाट्यानं गेली, आणि आता त्यांना मोबाइलवरचं काही दिसत नाही. सकाळी सातला स्टेटस जातं, अजूनही जातं, पण पाहणाऱ्यांच्या यादीतलं ते पहिलं नाव आता नसतं, आणि मामा यादी उघडून पाहत नाहीत. गुरुवारचा उपास मात्र त्यांनी मोडला आहे. गुरुवारी मोबाइल खिशात घालून ते अधारतालला जातात आणि आठवड्याभराच्या सगळ्या पोस्टी दादांना मोठ्यानं वाचून दाखवतात, हुकसकट. दादा डोळे मिटून सगळं शेवटपर्यंत ऐकतात आणि म्हणतात, "काही दम नाही." मग मामा मोबाइल खिशात घालून उठायला लागले, की विचारतात, "पुढच्या गुरुवारी काय वाचून राहिला?"